एकोणसाठ नंबरचा जोड

(साल १९८१. सौदी अरेबियात, रास तनुराच्या अलीकडे एका कंत्राटदाराची वसाहत. तिथे राहणारे इंजिनीयर उदय आणि त्याची बायको मधुमती यांचं घर. शुक्रवारची सकाळ. तुकाराम वेल्डर दारात उभा आहे, हातात फडक्यात गुंडाळलेली हातोडी.)

मधुमती: अहो, दारातच काय उभे राहिलात? आत या. बूट राहू द्या पायात, लादीच आहे, सारवलेलं नाही काही.

तुकाराम: नको वहिनी. हितनंच देतो नि जातो. साहेबांनी निरोप दिला, आनीबाईंचं पत्र आलंय नि त्यांची हातोडी मागितलीय. ही घ्या. पुसून, तेल लावून ठेवली होती.

उदय: बस रे. शुक्रवार आहे. कॅम्पवर जाऊन पत्तेच कुटणार ना?

तुकाराम: पत्ते सोडले साहेब.

मधुमती: चहा ठेवलाय. आणि पत्र ऐकल्याशिवाय मी सोडणार नाही तुम्हाला. 'माझ्या तुकाला वाचून दाखव' असं दोनदा लिहिलंय तिनं.

तुकाराम: मला? मला काय लिहिलंय?

मधुमती: एवढे दचकताय काय? काही वाईट नाही. हे घ्या, आधी अक्षर तर बघा.

तुकाराम: बारक्या पोरानं पाटीवर काढावं तसं हाय.

मधुमती: डाव्या हाताचं आहे. ऐका आता. जर्मनमधून वाचता वाचता मराठीत सांगते, अडखळले तर हसू नका. 'प्रिय मधू, पंचेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या डाव्या हाताला पहिलीत घातलंय. मठ्ठ आहे, पण हट्टी आहे. उजव्याची दोन बोटं गेली. तिसरं जागेवर आहे, पण ऐकत नाही. ब्रेमेनला परत आले. मी काम करते ती मासळीची जुनी वखार, तिचा वास अजून गेलेला नाही, त्यामुळे घरी आल्यासारखं वाटलं.'

तुकाराम: वखारीचं बोलल्या होत्या मागं. मी बोललो, मग आमच्या जयगडला या बाई, वास फुकट. तुम्ही ते त्यांच्या भाषेत सांगितलंत तेव्हा किती हसल्या.

मधुमती: 'अकादमीतले माझे जुने मास्तर भेटायला आले. म्हणाले, आनेलीझ, आता तरी लोखंड सोड, मातीच्या लहान लहान वस्तू कर. दहाच्या दहा बोटं होती तेव्हाही हेच म्हणाले होते. बाईमाणसाला माती बरी. तेव्हा मी त्यांच्या वर्गातून उठून गोदीत गेले आणि जहाजांवर वेल्डिंग शिकले. आता उठून कुठं जावं, ते ठरवतेय.'

उदय: जबरदस्त बाई आहे, नाही म्हणणार नाही मी. सर्कलवरचा पुतळा करायला ती जर्मनीहून आली तेव्हा आमच्या मॅनेजरनं कपाळाला हात लावला होता. यार्डात बाई! आमचा अरब मालक, तो कफील, म्हणाला, ताडपत्रीचा आडोसा करा, आणि तिच्या सोबतीला दुसरी बाई पाहिजे.

मधुमती: ती दुसरी बाई मी. पुण्यात चार वर्षं जर्मन शिकले ती काय दम्मामच्या बाजारात भेंडी निवडायला? सात महिने त्या ताडपत्रीमागे भाजून निघाले, पण इथं आल्यापासून तेवढेच दिवस मी जिवंत होते.

उदय: थँक यू.

मधुमती: तुम्हाला नाही बोलले. तुकारामभाऊ, चहा घ्या ना. निवतोय.

तुकाराम: घेतो. तुम्ही वाचा.

मधुमती: 'हातोडी पाठव. ती हाताशी नसली की मला कामाला सुरुवातच करता येत नाही. तुका म्हणेल, वेडी आहे.' तुम्हाला ठाऊक आहे ना हिची गोष्ट?

तुकाराम: न ठाऊक असायला काय झालं, तुम्हीच सांगितलंवतं. लढाई संपली तेव्हा त्यांचं गाव सगळं भुईसपाट. बापूस गेला तो परत आलाच नाय. त्यांची आय नि बाकीच्या बाया ढिगाऱ्यातनं विटा काढायच्या, नि ह्या नऊ वर्षांच्या, ह्या हातोडीनं विटेवरचा जुना चुना तासायच्या. दिवसभर. बाया रांगेत उभ्या, एकीच्या हातातली वीट दुसरीच्या हातात.

उदय: आणि पुतळा म्हणजे त्या बाया. मला हे तूच सांगितलंस. माझ्या दृष्टीनं सात भंगार पाइप होते, तिरके उभे केलेले. सर्कलची शोभा.

मधुमती: इथं माणसाची आकृती चालणार नाही, म्हणून पाइपच एकमेकांवर रेललेले. बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला सांगितलं, वाऱ्यानं वाकलेल्या खजुरी आहेत. अधिकारी केवढे खूश झाले! काय आहे ते ओळखलं एकट्या तुकारामभाऊंनी.

तुकाराम: ओळखायचं काय त्यात? आमच्याकडं स्लॅब पडतो तेव्हा बाया अशाच उभ्या ऱ्हातात, घमेली पास करत. कंबर जराशी वाकडी, शेजारणीच्या भरवशावर. मी तसं उभं राहून दाखवलं. तेव्हा आनीबाईंनी माझे हे दोन्ही हात धरले नि... ऱ्हाऊ दे. पुढं वाचा.

मधुमती: रडली ती. ब्रेमेनमध्ये कुणाला कळलं नसतं म्हणाली. बरं, आता मुख्य गोष्ट आहे. 'मी तोच पुतळा पुन्हा करणार आहे. लहान, हातभर उंचीचा, डाव्या हाताला झेपेल तेवढा. त्यावर माझी सही नसेल. तुमच्याकडची ती पद्धत मला फार आवडली होती, प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोकतो, म्हणजे उद्या काही झालं तर हात कुणाचा ते कळावं. मी जन्मभर दुसऱ्यांकडून जड कामं करून घेतली आणि खाली माझं एकटीचं नाव टाकलं. ह्या वेळी दोनच नंबर. सत्तावीस, तुकाचा. आणि एकोणसाठ, भिकूचा.'

तुकाराम: भिकूचा?

मधुमती: ऐका तर. 'भिकूला सांग, त्याचा जोड तुटून पाइप माझ्या हातावर आला म्हणून माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. विटा माझ्या आईच्या हातूनही निसटायच्या. एकदा माझ्याच पायावर पडली होती. तो अजून कामावर आहे ना? मी कंपनीला लिहिलं होतं, त्याला काढू नका, चूक कुणाचीही होते. उत्तर आलं नाही.'

उदय: आलं होतं ते पत्र. फाइलला लागलं.

मधुमती: आणि मला बोलला नाहीत?

उदय: तोपर्यंत भिकूचा एक्झिट लागून तो गावी पोचला होता. तुला सांगून काय होणार होतं?

मधुमती: काय होणार होतं! हॉस्पिटलमध्ये ती मला सारखी विचारत होती, कुणाचा जोड, कुणाचा जोड. भिकूचं नाव मी तिला सांगितलंय. मला तरी कळायला नको? तुकारामभाऊ, तो तुमच्या बहिणीचा नवरा ना? त्याला एवढं नक्की कळवा. बाईनं तुझा नंबर पुतळ्यावर मागितलाय म्हणावं. बिचाऱ्याला केवढं बरं वाटेल... अहो! कप, कप! सांडला ना चहा.

तुकाराम: वहिनी, ते माफीचं भिकूला कळवायचं नाय.

मधुमती: का?

तुकाराम: ती माफी त्याची नाय. जोड त्याचा नाय तो.

उदय: तुकाराम.

तुकाराम: जोड माझा हाय.

उदय: तुकाराम, पाच महिने झाले. एकोणसाठ नंबर मी ह्या डोळ्यांनी पाहिलाय. इन्क्वायरीत भिकू स्वतः हो म्हणाला.

तुकाराम: नंबर मीच ठोकला साहेब. ह्याच हातोडीनं. जोड मी केला नि नंबर त्याचा ठोकला.

मधुमती: त्याच्यावर ढकलायला?

तुकाराम: नाय वो! आयशप्पत नाय! प्रेमानं केलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण प्रेमानंच केलं. भिकू नवा. टेस्ट पास झालेला, नंबर मिळालेला, पण सात महिने नुसता ग्राइंडर फिरवत होता. आनीबाई बोलल्या होत्या ना, हे नंबर शंभर वर्षं ऱ्हातील? ते त्याच्या डोक्यात बसलं. रोज पुतळ्याभोवती फिरून मोजायचा. सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस, एकोणचाळीसच्या एकोणचाळीस माझेच. बोलायचा, दादा, एक जरी माझा असता तर शेवंताला फोटो पाठवला असता.

मधुमती: शेवंता म्हणजे तुमची बहीण.

तुकाराम: धाकटी. शेवटचा जोड ऱ्हायलेला, सातव्या पाइपाच्या पायाचा. अगदी पुढं, ऱ्हस्त्यावरनं वाचता येईल असा. मी जोड उरकला नि त्याला हाक मारली. बोललो, दे तुझे नंबराचे पंच. आनीबाईंची हातोडी तिथंच होती. पाच, नऊ. दोन टोले. असा हसला वहिनी, जत्रेत पोराला पिपाणी मिळाल्यासारखा. आनीबाईंनी त्याचा फोटो काढला, नंबराशेजारी उकिडवा बसलेला. तो फोटो शेवंतानं फ्रेम करून देवाशेजारी लावलावता.

उदय: त्याचीच कॉपी मी रिपोर्टला जोडलीय. पुरावा म्हणून.

मधुमती: पण तुमचा जोड तुटेलच कसा? हे उठता बसता सांगतात, सत्तावीस नंबरच्या जोडाचा एक्स-रे काढणं म्हणजे फिल्म फुकट घालवणं.

तुकाराम: तेच तर. कसं सांगू तुम्हाला... जोडाला आधी आतला रन मारतात. रूट बोलतात त्याला. जोडाचा जीव तो. मग त्यावर भरत यायचं, नि सगळ्यात वर कॅप. डोळ्यांना दिसते ती कॅप. मी रूट मारलाच नाय. चार टाके घातले नि वरनं झाकून टाकलं. कॅप मात्र अशी काढली, एकसारखी, खवल्यावर खवला. आनीबाईंनी बोटं फिरवली त्यावरनं. नंबर बघितला नि भिकूला बोलल्या, 'गूट, भिकू, गूट.' तो लाजला. मी बाजूला उभा. त्याच हाताची बोटं गेली त्यांची.

मधुमती: पण का? का नाही मारलात?

तुकाराम: दुपार होती. क्रेन येऊन थांबलेला. पण ती कारणं झाली. बावीस वर्षं मी प्रेशरची लाइन जोडतोय. लाइनवर असा जोड केला असता तर स्वतःच्या मुस्काटात मारून घेतली असती. पण मनात आलं, ह्यातनं कुठं तेल वाहणार हाय? शोभेचं काम. कोण बघतंय आतनं.

मधुमती: तुकारामभाऊ...

तुकाराम: बोला ना. शिव्या घाला. मी त्याच्यासाठीच आलो असेन, काय ठाऊक.

मधुमती: मी काय शिव्या घालणार? तिनं मला सांगितलं होतं.

उदय: काय सांगितलं होतं?

मधुमती: तो जोड झाला त्याच दिवशी सकाळी. म्हणाली, सगळ्या जणी एकमेकींवर टेकल्यात, शेवटचीला टेकायला कुणी नाही. सगळा भार तिच्या पायात येतो. तुकाला सांग. मला वाटलं, ती तिच्या आईबद्दल बोलतेय. डोळे भरले होते तिचे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि थर्मासमधला चहा दिला. भाषांतर नाहीच केलं. मला ते वेल्डिंगचं वाटलंच नाही हो! सात महिने तिचा शब्द न् शब्द सांगत होते, आणि नेमका तो...

तुकाराम: वहिनी, मला ते सांगायची गरज होती काय? भार कुठं येतो ते वेल्डरला कळायला हवं. तुम्ही नका ह्यात येऊ.

उदय: झालं? दोघांचंही बोलून झालं? आता मी काय सांगतो ते ऐका. फाइल बंद आहे. खलास. पुतळ्याचे तुकडे भंगारात गेले, सर्कलवर आता कारंजं होतंय. तू आज तोंड उघडलंस तर तुझा इकामा रद्द, चार दिवसांत विमानात. त्यानं त्या बाईची बोटं परत येणार आहेत का? भिकूला पुन्हा व्हिसा मिळणार आहे का?

मधुमती: भिकूचं नाव तर परत येईल.

उदय: तू मध्ये बोलू नकोस, तुला ह्यातलं माहीत नाही. तो एकटा नाही जाणार. त्या जोडाच्या कागदावर माझी सही आहे.

मधुमती: कसली सही?

उदय: चेकलिस्ट असते. वर भरण्याआधी रूट इन्स्पेक्टरनं बघायचा आणि सही करायची. तो मी.

मधुमती: मग बघितलात ना?

उदय: चाळीस जोड होते मधू. एक्स-रे लागू नव्हता त्या कामाला.

मधुमती: बघितलात का?

उदय: गाडीत बसून सह्या केल्या. बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं. एसी चालू होता.

मधुमती: म्हणजे जो रूट मारलाच नव्हता, तो तुम्ही बघितलात. आणि नंतर भिकूला समोर उभं करून विचारलंत, हे काय केलंस म्हणून.

उदय: विचारलं मॅनेजरनं. मी फक्त लिहून घेत होतो.

तुकाराम: साहेबांना काय बोलू नका वहिनी. मी पण तिथंच होतो ना. विचारलं, यह जॉइंट किसका है? भिकूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. एकदाच. नि बोलला, जी साब, मेरा है. मी खाली बघत होतो. बुटाची नाडी सुटली होती, तिच्याकडं बघत होतो.

मधुमती: तुम्ही का नाही बोललात?

तुकाराम: घाबरलो. आणखी काय? मोठी कारणं नायत माझ्याकडं. कॅम्पात येऊन त्याला बोललो, उद्या सांगतो मी साहेबांना. तो बोलला, दादा, तू मला हितं आणलंस, नंबर माझा हाय, जाऊ दे. नि मी जाऊ दिलं. सव्वीस वर्षांच्या पोरानं जाऊ दे बोलल्यावर मी सत्तेचाळीस वर्षांचा घोडा गप बसलो. बॅग भरायला लागलो त्याची.

उदय: तुकाराम, तूच सांग, मग आता आज काय मध्येच?

तुकाराम: मध्येच नाय साहेब. तुमच्या दारापर्यंत चारदा येऊन गेलो. कुत्रा भुंकला की परत फिरायचो. आज माफी माझ्या समोर वाचली नि ती गेली भिकूच्या नावावर. मग ऱ्हावलं नाय. आणि खरं वाईट अजून सांगितलंच नाय मी तुम्हाला.

मधुमती: अजून?

तुकाराम: मला लिहायला नीट येत नाय, म्हणून मी गावाला कॅसेट भरून पाठवतो. सगळेच पाठवतात. आमच्याकडं कॅसेट आली की अख्खी वाडी अंगणात बसते, कोण मेला, कोण जगला, सगळं ऐकायला. भिकू गावी पोचला त्याच्या मागनं मी कॅसेट पाठवली. तीत बोललो, भिकूच्या हातनं चूक झाली, नवा हाय, होतं असं, त्याला कोण टोचून बोलू नका. म्हणजे बघा. केलं मी, नि वर मोठेपणा पण मीच घेतला. सगळ्या वाडीनं ऐकलं. भिकू पण तिथंच बसलेला, बायकोशेजारी.

मधुमती: आणि तो काही बोलला नाही?

तुकाराम: काय नाय बोलला. परवा शेवंताची कॅसेट आली. तो फोटो त्यानं देवाशेजारनं काढून कणगीमागं टाकलाय. रत्नागिरीला एक गॅरेजवाला वेल्डिंगला बोलवत होता, गेला नाय. शेवंतानं खोदून खोदून विचारलं तर तिला बोलला, नंबर माझा ठोकत होते तर मी जोडाकडं बघायला हवं होतं, मी फोटोसाठी केस विंचरत होतो. वहिनी, तो स्वतःला दोष देतोय वो! काय केलंन त्यानं? केस विंचरलेन!

उदय: रडू नकोस. अरे... मधू, पाणी आण.

मधुमती: तुम्ही आणा पाणी.

उदय: घे. पी आधी.

तुकाराम: साहेब, तुमचं नाव मी घेणार नाय. लिहायचं ते माझं एकट्याचं लिहा. सत्तावीस नंबरनं रूट मारला नाय नि दुसऱ्याचा नंबर ठोकला. तुम्ही बघितलावतात नि मी नंतर फसवलं, असं लिहा हवं तर.

उदय: असं लिहू?

तुकाराम: लिहा. तुमची पोरं हितल्या शाळेत हायत. मला काय, मी जातो.

उदय: म्हणजे परत एकदा एकाचा नंबर दुसऱ्याच्या जोडावर.

तुकाराम: तसं नाय साहेब...

उदय: तसंच आहे. मी गाडीतून उतरलो असतो, नुसता टॉर्च मारला असता आत, तर तू जीभ चावून म्हणाला असतास, सॉरी साहेब, आणि दहा मिनिटांत कापून परत केला असतास. दहा मिनिटं. मला माहीत आहे ते. पाच महिने रोज त्या सर्कलवरून गाडी नेतो, आणि रोज तिथं आलो की रेडिओ मोठा करतो. मधू, ते रिपोर्टचं पॅड कुठाय?

मधुमती: तुमच्याच ब्रीफकेसमध्ये.

उदय: जोड नंबर एक्केचाळीस. नाही, चाळीस. शेवटचा चाळीस ना रे?

तुकाराम: चाळीस. साहेब, नीट विचार करा.

उदय: विचार केला की मग होत नाही. लिहितो आत्ताच. उद्या सकाळी आपण दोघं मॅनेजरकडे जाऊ. तू बोलू नकोस, आधी मी बोलेन.

तुकाराम: नको. आधी मी बोलणार. तेवढं तरी असू द्या.

उदय: बरं. आधी तू.

मधुमती: मी नाही घाबरत पुण्याला परत जायला. उलट बरंच. भेंडी तरी स्वस्त आहे.

उदय: तू हसू नकोस आत्ता.

मधुमती: हसत नाहीये. तुकारामभाऊ, आनेलीझला मी आज लिहिते. तुम्ही सांगा, मी शब्द न् शब्द घालीन. ह्या वेळी एकही गाळणार नाही. माझंही लिहीन खाली.

तुकाराम: लिहा... काय सांगू? आनीबाई, मी तुका. जोड माझा होता. भिकू त्या वेळी केस विंचरत होता. तुम्ही त्याला माफी पाठवलीत ती परत घ्या, त्याला लागत नाय. आणि मला लगेच देऊ नका. मी अजून मागितलेली नाय. मागायला तोंड झालं की मागेन.

मधुमती: '...तोंड झालं की मागेन.' हं. पुढे?

तुकाराम: बारक्या पुतळ्यावर एकोणसाठ घाला. सत्तावीस नको. एकोणसाठ पुढच्या बाजूला घाला, वाचता येईल असा. आणि शेवटच्या बाईचा जोड स्वतः करा. डाव्या हातानं वाकडा झाला तरी चालेल, पण रूट मारा. बास.

मधुमती: ती सत्तावीस काढणार नाही. मी ओळखते तिला.

तुकाराम: मग तिची मर्जी. हातोडी कागदात नका गुंडाळू, वाटेत दांडा निघेल. मी लाकडाची पेटी करून देतो.

मधुमती: बरं. आणि भिकूला? त्याला मी लिहू का? शेवंताला?

तुकाराम: नको. पत्र आलं तर तो एकटा वाचेल, घडी करून खिशात ठेवेल. ओळखतो मी त्याला. कोणाला कळणारच नाय. साहेब, तुमच्याकडं कोरी कॅसेट हाय?

उदय: कोरी नाही. ही घे, गाणी आहेत हिच्यावर. पुसून टाकू.

मधुमती: माझी आहे ती.

उदय: असू दे गं.

मधुमती: असू दे म्हणजे काय, घ्याच म्हणतेय मी. थांबा, सुरुवातीला लावून देते. हे लाल आणि हे काळं, दोन्ही एकदम दाबायची. आम्ही आत जाऊ का?

तुकाराम: नको. थांबा दोघं. ऐकणारं कोणतरी समोर हवं, नायतर मी परत काय तरी गोड बोलेन.

उदय: दाबू?

तुकाराम: दाबा.

मधुमती: फिरतेय टेप. बोला.

तुकाराम: भिकू... मी तुका. मशीन हितंच बंद कर, एकट्यानं ऐकू नको. शेवंताला बोलव, आयला बोलव, मागच्या कॅसेटला जेवढे बसलेवते तेवढे सगळे बोलव अंगणात. कोण ऱ्हायला असेल तर घरी जाऊन आण. मी थांबतो.